समोरच्या बाईंचा शोधनिबंध

सगळ्यात लाजिरवाणा प्रश्न सगळ्यात गंभीर चेहऱ्यानं विचारण्याची स्पर्धा उभ्या महाराष्ट्रात कधी भरली असती, तर आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंनी ती हसत, म्हणजे खरं तर न हसता, जिंकली असती. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा आम्ही वाशीला राहायला आलो. जिन्यातला रंग अजून हाताला लागत होता, खाली रस्त्याच्या जागी चिखल होता आणि सगळी बिऱ्हाडं एकमेकांना नवखी होती. ओळख करून घ्यावी म्हणून आई समोर गेली आणि पाच मिनिटांत लालबुंद होऊन परत आली. "अगं, त्या बाईनं मला विचारलं, पाळी कितव्या वर्षी सुरू झाली! वर पेन्सिल घेऊन बसली लिहायला!" तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि इतक्या वर्षांत हा विषय आईनं माझ्याशीसुद्धा दोन वाक्यांपलीकडे काढलेला नव्हता. बाबा पेपर उचलून मुकाट्यानं गॅलरीत गेले.

बाई मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत होत्या. पाळी, गर्भारपण, पोटातलं मूल का टिकतं आणि का जातं, हा त्यांचा विषय, आणि विषय सोडून बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हळदीकुंकवाला बोलावलं तर वाणाला हात लावायच्या आधी त्या वही उघडत. नव्या नवरीला बाकीच्या बायका उखाण्याचा आग्रह करत असताना बाई तिला "शेवटची तारीख नक्की आठवते का?" असं विचारत. पुढे पुढे त्यांना बोलावणंच बंद झालं. इमारतीत फ्रीज फक्त त्यांच्याकडे होता, पण पहिल्याच उन्हाळ्यात बर्फ मागायला गेलेल्या तळमजल्यावरच्या वहिनींना दह्याच्या भांड्याशेजारी चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या दिसल्या. "लघवी आहे, घट्ट बंद केलेली आहे," बाई म्हणाल्या. "दह्याला काही होत नाही." वहिनींनी ते सोसायटीभर केलं. "आमी माठातलं पानी पिऊ, पण त्या घरातला बर्फ नको रे बाबा, फुकटचं टेन्शन!" दारावर 'डॉक्टर' ही पाटी असल्यामुळे लोक तापलेली पोरं घेऊन यायचे, तेव्हा बाई "मी त्या प्रकारची डॉक्टर नाही" एवढंच म्हणून दार लावून घ्यायच्या. मग त्या नेमक्या कोणत्या प्रकारच्या, याबद्दल जिन्यात फार वाईट वाईट अंदाज चालत. लग्न का केलं नाही, असं माझ्या आईनं एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "एकाच सॅम्पलवर केलेल्या प्रयोगावर माझा विश्वास नाही."

हे सगळं ऐकून आम्ही खूप हसायचो. आता वाटतं, जरा जास्तच हसलो. पन्नाशीची बाई, एकटी, सणालासुद्धा दार वाजत नाही, आणि आम्ही पलीकडे दाराला कान लावून तिच्या नकला करतोय. मी त्यांच्याकडे जाऊ लागले ते काही दयेपोटी नाही. मी फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते, बाईंकडे जुनं मशीन होतं आणि त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाच वाचता येत नसे. रविवारी सकाळी मी त्यांचं टायपिंग करायला लागले. मध्येच त्या चहा टाकायच्या, विसरायच्या, आणि भांडं करपल्याचा वास आला की "बघ, वेळेची नोंद ठेवली नाही की असं होतं," म्हणून मलाच रागवायच्या.

त्या दिवसांत त्यांचं मोठं काम चाललं होतं ते खाडीकाठच्या मिठागरांवर. तिथे राबणाऱ्या बायका दिवसभर उन्हात, खाऱ्या पाण्यात पाय बुडवून उभ्या असत, आणि त्यांच्यात मूल पडण्याचं प्रमाण जास्त आहे असा बाईंना संशय होता. दर शनिवारी छत्री, वही आणि बाटल्यांची पिशवी घेऊन त्या बांधावरून चालत जायच्या. आमच्या इमारतीतल्या बायका ज्या प्रश्नांना दार लावून घेत, त्यांची उत्तरं मिठागरातल्या बायका फावडं टेकवून, मोकळेपणानं देत. त्यातली म्होरकी सोनूबाय. तिची चार मुलं पोटातच गेली होती. बाईंनी तिच्या चारही वेळांचे महिने, कामाचे तास, काय खाल्लं, सगळं लिहून घेतलं. सोनूबाय म्हणे, "माज्या नवऱ्यान पन येवरा इचारला नाय कदी." पाच वर्षं असं चाललं. बाईंच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतंच, आणि हा निबंध जगात कुणीतरी वाचावा, आपल्या निबंधात त्याचा दाखला द्यावा, याखेरीज त्यांना काही नकोही होतं. "दाखला दिला नाही तर काम झालंच नाही असं समज," त्या म्हणायच्या.

तो निबंध मी टाइप केला. शेवटचं पान झालं आणि मग पहिलं पान घेतलं. कच्च्या प्रतीवर बाईंनी आधी स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि त्याखाली त्यांच्या विभागप्रमुख साहेबांचं. साहेबांनी कागदावर मंजुरीची सही केली होती, बाकी त्या कामाशी त्यांचा संबंध नव्हता. पण मला ते वाचून कसंसंच झालं. आमच्या ऑफिसात साहेबाच्या वर कारकुनाचं नाव टाइप केलं असतं तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असती. लग्नपत्रिकेतसुद्धा आधी थोरल्यांची नावं असतात. बाई वेंधळ्या आहेत, घाईत चुकल्या असतील, आपण सांभाळून घ्यावं, असं म्हणून मी साहेबांचं नाव पहिलं टाकलं आणि बाईंचं दुसरं. मनातून मी स्वतःवर खूष होते. बाईंनी प्रत्येक तक्त्यातला आकडा पट्टी लावून तपासला. पहिलं पान त्यांनी पाहिलंच नाही.

वर्षभरानं परदेशातल्या मासिकात तो छापून आला. मी पेढे मागायला गेले तर बाई खिडकीत बसल्या होत्या, मांडीवर तो अंक. "हे तू केलंस?" त्यांनी विचारलं. मी अगदी फुशारकीनं हो म्हटलं. साहेब मोठे ना, म्हटलं. त्यांनी अंक मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "छान टाइप झालंय. एक चूक नाही." पेढे त्यांनी आणलेच नव्हते. मला वाटलं, विसरल्या.

पुढची काही वर्षं बाईंना एकच नाद होता. कोणी कुणाच्या निबंधाचा दाखला दिला याची एक परदेशी सूची निघे. तिचे जाडजूड खंड मुंबईतल्या एका ग्रंथालयात येत आणि त्यातली अक्षरं मुंगीपेक्षाही बारीक असत. नवा खंड आला की बाई रजा टाकून, डबा बांधून, भिंग घेऊन जात. स्वतःच्या आडनावाचं पान काढत. तिथे त्यांच्या जुन्या एका किरकोळ निबंधाचा एखादा दाखला सापडे, मिठागराचं काही नाही. संध्याकाळी जिन्यात भेटल्या की मी विचारायची, आणि त्या म्हणायच्या, "अजून नाही. टपाल उशिरा पोचतं." जगाला सूचना नीट वाचायला लावणाऱ्या बाईंनी त्या खंडाच्या सुरुवातीच्या सूचना कधी वाचल्याच नाहीत.

मग त्यांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशनला त्या तयार होईनात, म्हणून एका वर्षी खंड वाचायला मला बरोबर नेलं. त्यांच्या नावाखाली मिठागर नव्हतंच. बाई डबा सोडायला बाहेर गेल्या, तेवढ्यात मी सवयीनं पहिलं पान वाचलं. निबंधावर दोन-तीन नावं असली तरी दाखले फक्त पहिल्या नावाखाली मोजले जातात, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. साहेबांच्या आडनावाचं पान काढलं. मिठागराचा निबंध तिथे होता आणि त्याखाली दाखल्यांची ओळच्या ओळ पार पानाच्या तळापर्यंत गेली होती. कितीतरी देशांतल्या माणसांनी तो वाचला होता. बाईंनी पाच वर्षं शेजारचं पान उलटलं नव्हतं इतकंच.

खोटं बोलावं असं मला वाटलं, पण जमलं नाही. मी खंड तसाच उचलून बाहेर त्यांच्यापाशी नेला आणि रडत रडत सांगितलं. बाई डब्याचं झाकण हातात घेऊन उभ्या होत्या. "वाच," म्हणाल्या. मी एकेक नाव वाचलं. त्यांनी प्रत्येक नाव दोनदा म्हणायला लावलं. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे पोचलं," आणि जेवायला बसल्या. भाजी माझ्या पानात वाढली, स्वतः काही खाल्लं नाही.

पुढच्या शनिवारी त्या मला मिठागरावर घेऊन गेल्या. मिठागर जवळजवळ बंद पडलं होतं, निम्म्या जागेवर भराव आला होता. सोनूबाय म्हातारी झाली होती. बाई तिच्याशेजारी बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, "सोनूबाय, तुमचं सगळं मोठ्या मोठ्या देशांत वाचलं बरं का."

सोनूबायनं विचारलं, "त्यान आमचा नाव हाय?"

"नाही गं. नावं लिहीत नाहीत."

"तुजा तरी हाय न?"

"आहे, पण शोधणाऱ्याला दिसत नाही. साहेबांचं दिसतं."

सोनूबायनं डोळे बारीक करून भरावाकडे पाहिलं. "तो कवा आलता मिठागरान?" तिनं विचारलं. "आमी तर बगला नाय त्याला."

मी मान खाली घातली होती. मला वाटलं, आता बाई माझ्याकडे बोट दाखवणार, आणि दाखवावंच. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्यांना ऊन सोसत नाही," एवढंच म्हणाल्या, आणि सोनूबायच्या तब्येतीची चौकशी करायला लागल्या.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती चूक माझी होती हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही, साहेबांनासुद्धा नाही. मीही सांगितलं नाही. आई विचारायची, समोरच्या बाईंनी एवढी वर्षं करून काय मिळवलं गं, तेव्हा मी विषय बदलायची. आज सांगते आहे. तो निबंध त्यांचा होता.