चंद्राबाईचे अकरा शब्द

भागोजी मास्तरांना इंग्रजी येतं की नाही, याबद्दल आमच्या मोरा बंदरात दोन पक्ष होते. येत नाही म्हणणाऱ्यांना स्वतःला येत नव्हतं आणि येतं म्हणणाऱ्यांनाही येत नव्हतं, त्यामुळे वाद बरीच वर्षं टिकला. मास्तर स्वतः मराठी सातवी, फायनल पास. चौथीपर्यंतची शाळा त्यांनी एकहाती चालवली आणि आमच्यासारख्यांच्या डोक्यात पाढे घातले. त्यातले निम्मे अजून आहेत.

पण खाडीपलीकडे तुर्भ्याला अणुभट्टीचं काम निघालं आणि मास्तरांची झोप उडाली. गावातली चार माणसं तिथं मजुरीला जात. ती रविवारी यायची आणि पारावर बसून ‘रिअॅक्टर’, ‘न्यूट्रॉन’ असे शब्द चिंबोऱ्यांसारखे मोकळे सोडायची. मास्तरांना एकाचाही अर्थ सांगता येईना. गावात मास्तराला शब्द येऊ नये, ही त्यांना नागडं सापडल्यासारखी गोष्ट वाटली. त्यांनी मुंबईच्या रद्दीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं, जोडीला डिक्शनरी, आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास सुरू केला.

श्रोता एकच, बायको चंद्राबाई. मूलबाळ नव्हतं. ती चुलीपुढे बोंबील साफ करत बसायची आणि हे तिला अणू समजावून सांगायचे.

“न्यूक्लिअस म्हणजे बघ, अणूचं सगळं वजन मधल्या इवल्याशा जागेत. बाकी सगळं रिकामं.”

“म्हंजे आपलं घर की. वजन सगलं चुलीपाशी. बाकी फिरायला मोकलं.”

मास्तरांनी वहीत लिहिलं: न्यूक्लिअस, चूल. पुढं एकदा त्यांनी शील्डिंग सांगितलं. आतले किरण बाहेर पडू नयेत म्हणून घातलेली जाड भिंत. तिनं मान वरही केली नाही. “बांध म्हना. खारं पानी शेतात येऊ नये म्हनून घालतो, तसा. तुमच्या सायबांनी नवीन काय केलंय?”

आणि एका संध्याकाळी ‘डीके’ हा शब्द आला. रेडियमसारखा पदार्थ कुणी हात न लावता आपोआप कमी कमी होत जातो. ठरावीक काळात अर्धा, तेवढ्याच काळात उरल्याचा अर्धा.

“ओहोट लागली म्हनायची,” चंद्राबाई म्हणाली.

मास्तरांना तो शब्द इतका आवडला की त्या दिवशी त्यांनी बोंबील दोनदा मागून खाल्ले.

असे अकरा शब्द झाले. मग एकसष्टच्या श्रावणात चंद्राबाई तापानं गेली.

वही तशीच राहिली. मास्तर मात्र संध्याकाळी उंबऱ्यावर बसून पुस्तक मोठ्यानं वाचत राहिले. समोर थंड चूल. शेजारची केसर पहिल्यांदा घाबरली, मग तिला सवय झाली. “मास्तर चुलीला इंग्लिश शिकिवतात,” ती सांगायची. आम्ही हसायचो. हसणं तेव्हा सोपं होतं.

दोन वर्षांनी वर्तमानपत्रात आलं की मुंबईतल्या एका संस्थेची समिती अणुविज्ञानाच्या इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द ठरवतेय, लोकांनी सूचना पाठवाव्यात. मास्तरांनी सूचना एकच पाठवली: ‘डीके’ला ‘ओहोट’. बाकीचे दहा शब्द घरगुती आहेत, पण हा एक पुस्तकात शोभेल, असा त्यांचा हिशोब. तो छापून आला असता, तर चंद्राबाईचं या जगात काहीतरी राहिलं असतं. ना फोटो, ना मूल. तिचा अंगठासुद्धा कुठल्या कागदावर नव्हता.

आणि समितीनं खरंच बोलावलं!

मास्तर धुतलेला कोट घालून सकाळच्या लाँचनं गेले. वही पिशवीत. समितीत पाचजण, मध्ये एक म्हातारे प्रोफेसर. बोलणं अगदी अदबीचं.

“मास्तर, आमच्या ‘क्षय’पेक्षा तुमचा शब्द फार गोड आहे,” ते म्हणाले. “मला स्वतःला आवडला. पण एक सांगा, ओहोटीनंतर काय येतं?”

“भरती,” मास्तर म्हणाले. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगतं.

“आणि रेडियम? गेलेलं परत येतं?”

किनाऱ्यावरच्या माणसाची ही जन्मखोड आहे. काहीही कमी होताना दिसलं की ते परत चढणार, असं तो धरूनच चालतो. पंचावन्न वर्षांत मास्तरांनी न फिरलेली ओहोटी पाहिली नव्हती. इतकं पुस्तक वाचलं, गणितं सोडवली, आणि ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

“नाही,” ते म्हणाले. “परत येत नाही. क्षयच बरोबर.”

“तुमचं नाव आभारात घालू. आणखी काही शब्द आहेत का?”

मास्तरांचा हात पिशवीवर होता. “नाहीत,” ते म्हणाले. “आणि चुकलेल्या शब्दाचे आभार कसले?”

परतीच्या लाँचवर गोदूबाई भेटली, चंद्राबाईची पाठची बहीण. मासळी विकून रिकाम्या पाटीवर बसली होती.

“काय मास्तर, नवरदेवासारखा कोट घालून कुठं गेल्ता?”

मास्तरांनी सगळं सांगितलं. गोदूबाई आधी भडकली. “आमची चंद्री चुकली? त्या म्हाताऱ्यानं समुद्र तरी बगितलाय का?”

“तिनं शब्द दिला गो. चूक माझी. तो म्हणतो ते खरं हाय. जातं ते परत येत न्हाय.”

गोदूबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “दोन वर्सं झाली, भावजी,” ती हळू म्हणाली. “तुमाला आज कललं?”

इंजिन धडधडत होतं. मास्तरांनी पिशवीतून वही काढली.

“काय हाय त्यात?”

“तिचे शब्द.”

“वाचा की मंग. मला कुठं येतंय वाचायला.”

मास्तर वाचू लागले. इंग्रजी शब्द, मग त्याचा अर्थ, मग चंद्राबाईचा शब्द. चुलीला गोदूबाई हसली, बांधाला “आमच्या आयेसारखंच बोलली बग” म्हणाली. मोऱ्याला पाणी उतरलेलं होतं, लाँच धक्क्यापासून लांबच थांबली आणि लोक होडीत उतरू लागले. ही दोघं बसूनच.

दहावा शब्द झाला. राहिला ‘ओहोट’.

“आनि?” गोदूबाईनं विचारलं.

“बस. एवढेच,” मास्तर म्हणाले, आणि तिची पाटी उचलायला वाकले.