काचेपलीकडची सोबत

आमच्या भिवंडीच्या गल्लीत एक दादा शोभेचे मासे विकतो. गिऱ्हाइकांशी कमी, माशांशीच जास्त बोलतो. मागे एका टाकीत रोग शिरला आणि एकच केशरी कोई कार्प वाचला. "एकटा पडला बिचारा," म्हणत त्याने सोबतीला नवे मासे सोडले. ते सगळे मेले. हा तसाच पोहत राहिला. माशांच्या डॉक्टरांनी मग सांगितलं, बऱ्या झालेल्या माशाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत विषाणू झोपून राहतो आणि कधीही जागा होतो.

"मारून टाका ना, दादा," मी वैतागून म्हणालो.

"त्याला कुठं ठाव हाय, अंगात काय घेऊन फिरतोय?"

आता त्या माशाची टाकी वेगळी, मासे धरायची जाळीही वेगळी. पण त्याला कुणीतरी दिसावं म्हणून टाकी दुसऱ्या टाकीला भिडवून ठेवलीय. त्या शेजारच्या टाकीतले मासे तो विकतो. शेवटचा मासा मात्र कुणी कितीही मागितला तरी देत नाही.