बॉल न येणारी रिसीव्हर

माझी वहिनी जवळजवळ अख्खा एक सीझन बॉलला हात न लावता धावली. तेही अमेरिकन फुटबॉलमध्ये, न्युरेम्बर्गच्या एका क्लबच्या बायकांच्या टीममध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. टीममधलं तिचं काम होतं बॉल झेलण्याचं, म्हणजे रिसीव्हरचं. मी दर रविवारी मैदानाच्या कडेला उभा राहून ते बघायचो आणि माझं डोकं तापायचं. तिचं मात्र कधी तापलं नाही.

वहिनी इचलकरंजीची. शाळेत खो-खो खेळून राज्यापर्यंत गेलेली, आणि सुट्टीत भावांबरोबर गल्लीत क्रिकेट. अजूनही ती अस्सल तिकडच्या बायकांसारखी ‘मी जातो, मी करतो’ म्हणते. लग्न होऊन पुण्यात आली, दादाबरोबर जर्मनीत आली, पण तिचं ‘मी येतो’ काही बदललं नाही. मी नोकरीसाठी इथे आलो तेव्हा घर मिळेपर्यंत म्हणून त्यांच्याकडे उतरलो आणि दोन वर्षं राहिलो. न्युरेम्बर्गमध्ये भाड्याचं घर मिळणं म्हणजे काय ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

त्यांच्या बाल्कनीतून क्लबचं मैदान दिसायचं. एका संध्याकाळी कपडे वाळत घालता घालता तिने खाली बघितलं आणि मला हाक मारली, “भावजी, इकडं या. ह्या बायका खो-खो खेळालेत, फक्त डोक्याला कुकर बांधलाय.” दुसऱ्या दिवशी चालायचे बूट घालून ती सरळ मैदानावर गेली आणि तिथल्या ट्रेनरला, उटेला, आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, “मी पळतो. जोरात पळतो.” उटेने घड्याळ लावून तिला पळवलं आणि लगेच फॉर्म हातात दिला. जर्मनीत फॉर्म इतक्या लवकर मिळाल्याचं मी आजवर दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही.

घरी ही बातमी फुटली तेव्हा जी मजा झाली! पुण्याहून आई व्हिडिओ कॉलवर, इचलकरंजीहून वहिनीचे वडील. वहिनी अभिमानाने म्हणाली, “मला रिसीव्हर केलंय.” वहिनीच्या वडिलांचा जन्म कोर्टात कारकुनी करण्यात गेलेला. ते दचकून म्हणाले, “कोर्टानं नेमलं? कुणाची प्रॉपर्टी वादात आहे?” आईला वाटलं, टेलिफोन ऑफिसात नोकरी लागली. दादाने कपाटातल्या जुन्या स्टिरिओकडे बोट दाखवून आणखी घोळ घातला. शेवटी वहिनीने सोफ्यावरची उशी उचलली आणि सगळ्यांना समजावलं. एक बाई बॉल फेकणार. ती क्वार्टरबॅक. त्याआधी ठरलेल्या रेषेवर, दहा पावलं सरळ आणि मग झटकन डावीकडे, असं पळून नेमक्या जागी जो पोहोचतो आणि तो बॉल झेलतो, तो रिसीव्हर. आणि झेलल्यावर समोरच्या टीमने आडवं पाडेपर्यंत बॉल घेऊन पुढे पळायचं.

“आडवं पाडेपर्यंत?” आईने एवढंच ऐकलं. “अगं बाई, या वयात?”

दादा म्हणाला, “हाडं मोडतील.” त्यांची नऊ वर्षांची मुलगी सई इथल्या पोरांसारखी आईला ‘मामा’ म्हणते, ती म्हणाली, “मामा, पाइनलिश!” म्हणजे लाज आणतेस. तिच्या वर्गातल्या एका मुलीची आई त्याच टीममध्ये होती हे कळल्यावर ती लाज आठवडाभरात ओसरली.

आता पहिल्या मॅचचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. कात्या नावाची त्यांची क्वार्टरबॅक. उंच, कमी बोलणारी. तिने लांबून बॉल फेकला. वहिनी दोन बायकांच्या मधून अशी काही सुटली की काय सांगू, आणि उडी मारून तिने तो बॉल दोन्ही हातांत घेतला. खाली उतरून दोन पावलं टाकली. आणि मग तिने काय करावं? आनंदाने ओरडून बॉल सरळ डोक्यावर उंच उडवला! कॅच घेतला की जसा आपण उडवतो तसा. लहानपणापासून हाताला लागलेली सवय, दुसरं काय. मीसुद्धा कडेला उभा राहून “आऊऽऽट” म्हणून टाळ्या पिटल्या. शेजारचे जर्मन लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते. खेळ चालूच होता. तो खाली येणारा बॉल समोरच्या टीममधल्या एका बाईने आरामात झेलला आणि ती उलट्या दिशेने जी पळत सुटली ती थेट शेवटच्या रेषेपर्यंत. मॅच गेली.

वहिनी घरी येऊन आमटीला फोडणी देता देता म्हणाली, “चुकलं माझं.” रडली नाही, सबबी सांगितल्या नाहीत. पुढचे पंधरा दिवस घरात बॉल पोटाशी धरून फिरली. फोनवर बोलताना बॉल काखेत, सईचा अभ्यास घेताना बॉल मांडीवर. ती सवय तिने मोडली. पण कात्याच्या मनातली भीती कशी मोडणार? त्यानंतर कात्याने तिच्याकडे एकही बॉल फेकला नाही.

तरी वहिनी प्रत्येक डावात पळायची. बॉल दुसरीकडे जाणार हे आधीच ठरलेलं, तिलाही माहीत, तरी पहिल्या पावलापासून अशी पळायची की समोरच्या दोघी तिच्यामागे धावत. त्या दोघी तिच्यामागे गेल्या की तिच्या टीममधली दुसरी कुणीतरी मोकळी सुटे आणि बॉल तिला मिळे. टाळ्याही तिलाच. एकदा मी चिडून म्हणालो, “वहिनी, त्या तुला राबवून घेतायत. कशाला जीव काढतेस?” ती बुटाची नाडी सोडत होती. मान वर न करता म्हणाली, “भावजी, बॉल कुणाला टाकायचा ते कात्यानं बघायचं. मी पळायचं म्हंजे पळायचं. अर्धं पळून मला झोप येत नाही.”

पण तिला काहीच वाटत नव्हतं असं नाही. जुलैत दादाची पुण्याला बदली पक्की झाली. सामान पाठवायच्या याद्या सुरू झाल्या. त्या दिवशी खोकी बांधताना ती एकदम थांबली आणि म्हणाली, “एक बॉल पायजे होता ओ, भावजी. एकच. जाण्याआधी.” मी नुसती चिकटपट्टी ओढत बसलो.

शेवटची मॅच घरच्या मैदानावर. जिंकलं तर टीम त्याच लीगमध्ये राहणार, हरलं तर खाली. आई तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती. ऑगस्टमध्येही स्वेटर घालून आणि मांडीवर दशम्यांचा डबा घेऊन ती बाकावर बसली. शेजारच्या आजोबांना एक दशमी देऊन झाली होती. शेवटची दोन मिनिटं उरली, आपली टीम चार गुणांनी मागे. सीझनभर वहिनीकडे बॉल येत नाही हे आता समोरच्या टीमलाही ठाऊक झालं होतं. तिच्यामागे कुणी धावेना. ती दोन वेळा एकटीच मोकळ्या मैदानात पोहोचून परत आली. मग मी बघितलं, ती सरळ कात्यासमोर जाऊन उभी राहिली. ती काय म्हणाली ते तिने मला नंतर सांगितलं: “माझ्याकडे कोणीच बघत नाही. तूसुद्धा नाही. आता बघ.”

कात्याने बघितलं. बॉल आला. लांब, उंच, जरा पुढेच पडणारा. वहिनी त्याच्याखाली पोहोचली, अंग झोकून तिने तो घेतला आणि पोटाशी आवळून पळत सुटली. तेवढ्यात धोक्याची जाणीव झालेली एक धिप्पाड बाई आडवी आली. रेषेच्या अगदी जवळ दोघी धडकल्या. आईच्या मांडीवरचा डबा खाली गेला, आई उभी राहिली आणि त्या शांत जर्मन मैदानात तिचा आवाज घुमला, “सुजाता, धरून ठेव गं! धरून ठेव!”

दोघी एकावर एक कोसळल्या. रेफरी धावत आला, खाली वाकला आणि त्याने दोन्ही हात वर केले. वहिनी रेषेपलीकडे पडली होती आणि बॉल तिच्या पोटाशी होता. म्हणजे सहा गुण, मॅच आपली आणि टीम लीगमध्ये कायम! हाताचं एक बोट वाकडं झालं होतं, ते तिला हॉस्पिटलात कळलं. कात्याने तिला उचलून उभं केलं आणि तिच्या हेल्मेटला आपलं हेल्मेट टेकवून किती तरी वेळ तशीच उभी राहिली. मी रडलो. खोटं कशाला सांगू, शेजारच्या आजोबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो.

पंधरा दिवसांनी ती मंडळी गेली. बोटाला पट्टी तशीच. घर रिकामं झालं, आणि मलाही शेवटी एक खोली मिळाली.

परवा, यंदाच्या मे महिन्यात, सहज त्या मैदानावरून चाललो होतो. उटे नव्या मुलींना झापत होती. बॉल आपल्याकडे येणार नाही असं दिसलं की त्या पोरी पाय ओढायच्या. उटेने शिट्टी मारून खेळ थांबवला आणि म्हणाली, “इथे एक भारतीय बाई खेळायची. जवळजवळ सीझनभर तिला बॉल मिळाला नाही, पण ती एकदाही हळू पळाली नाही. तिच्यासारखं पळता येत असेल तरच माझ्याकडे रिसीव्हर म्हणून या.”

मला राहवलं नाही. मी कुंपणाबाहेरून ओरडलो, “ती माझी वहिनी आहे!”

सगळ्या पोरी वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी आयुष्यात कधी कुठल्या मैदानावर काही केलेलं नाही, पण त्या दिवशी ताठ उभा राहिलो.