धुऱ्यावरचं कार्टून

माझी धाकटी बहीण सावली गावाजवळच्या एका खेड्यात दिली होती. मोहाची फुलं वेचायला गेली असताना वाघाने तिला मारलं. हे एका वाक्यात सांगून टाकते, कारण जास्त सांगायला गेले की माझा तोल जातो आणि मग मी वाघापासून देवापर्यंत सगळ्यांना शिव्या घालते. आरमोरीतलं शिवणाचं दुकान बंद करून मी तिच्या घरी राहायला आले. घरात तिचा नवरा, जो बोलायचाच बंद झाला होता, आणि तिची आठ वर्षांची लेक.

या लेकीला तलवारी आणि जादूगारांच्या कार्टूनचं भारी वेड. बापाच्या मोबाइलवर हिंदीत चालणारी मालिका. ढगांतले किल्ले, तोंडातून जांभळा धूर सोडणारे मांत्रिक, आणि स्वतःपेक्षा लांब तलवार घेऊन रानोमाळ हिंडणारी एक राजकन्या. घरात सुतक आणि कोपऱ्यात तलवारींचा खणखणाट! मला राग यायचा, पण आई गेलेल्या पोरीला काय बोलणार?

दहाव्याला आमच्याकडे सुपात तांदळाचं पीठ पसरतात, जवळ दिवा लावतात आणि वर टोपली झाकून ठेवतात. सकाळी पिठात जे पाऊल उमटलेलं असेल, त्या जन्माला माणूस गेलं असं मानायचं. टोपली उचलली तर पाऊल मांजरीचं. टोपली नीट बसली नव्हती आणि घरातली मांजर चुलीजवळ पांढरे पाय चाटत होती, मला चांगलं दिसत होतं. पण जमलेल्या बायांतल्या एकीने हात जोडले आणि म्हणाली, "वाघाचंच होय, बाई." एवढंसं पाऊल वाघाचं कसं, असं विचारायला कोणाचीच जीभ रेटली नाही.

पोरगी मात्र खूश झाली. तिला हे आधीच ठाऊक होतं. तिच्या त्या मालिकेत ज्याला जनावर खातं, तो माणूस जनावराच्या आत जिवंत राहतो. राजकन्या तलवार फेकून देते, हाका मारते, आणि जनावर चालत तिच्याकडे येतं. कुठल्या मुलखात बसून ही चित्रं काढली कोण जाणे, पण त्यांना आमच्या पिठातलं पाऊल कोणी सांगितलं असेल?

त्यानंतर ती दुपार झाली की घरामागच्या धानाच्या बांदीत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसू लागली. तोंड जंगलाकडे, मोबाइलचा आवाज पूर्ण मोठा. मी तिला ओढून आणायला गेले.

"काऊन वं, उन्हात इथी काऊन बसली?"

"आवाज मोठा केला का आई रागावते ना, मावशी. रागावली का येते."

त्या दिवसापासून मलाही जंगलाच्या कडेला कोणी उभं असल्यासारखं वाटायचं. भांडी घासताना पाठ उघडी पडल्यासारखी वाटायची. मी पोरीला समजावलं, दटावलं, मोबाइल लपवला. ती नुसतीच जाऊन बसायची.

मग एका संध्याकाळी जंगलाचा गार्ड सांगत आला, मागच्या नाल्यात ताजे पंजे आहेत, पोराबाळांना आत घ्या. मी मागच्या दाराकडे धावले. लपवलेला मोबाइल पोरीने शोधून काढला होता, धुऱ्यावरून तलवारींचा खणखणाट येत होता. आतूनच ओरडले, "बंद कर वं ते! ये घरात!"

ती चपला तिथेच टाकून धावत आली. चेहरा असा फुललेला! मला वळसा घालून आत गेली, चुलीमागे पाहिलं, दाराआड पाहिलं.

"मावशी, आई कुठी गेली?"

आम्हा दोघी बहिणींचा आवाज आडून ऐकला की एकच. फोनवर आमची आईसुद्धा फसायची. मी वळले तर भाऊजीही अंगणातून धावत येऊन दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही.

"आताच होती," मी म्हणाले. "जंगलाकडे जाऊ नको म्हणे."

आता दिवस कलला की मी आतून तशीच ओरडते. हाक ऐकू यावी म्हणून पोरगी धुऱ्यावर जात नाही, मागच्या कुंपणाशीच बसते. पहिले काही दिवस आत येऊन शोधायची. हल्ली शोधत नाही. मान खाली घालून येते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. माझ्याकडे बघत नाही. बघितलं तर मी दिसेन.