चहाच्या पातेल्यावरून ठरलेली लस

माझी पत्नी धुळे जिल्ह्याच्या आरोग्य खात्यासाठी गणिती मॉडेल करते. साथ कोणत्या गावात वेगाने पसरेल याचा अंदाज संगणकावर मांडायचा आणि लस आधी तिथे पाठवायची, असं ते काम. त्यासाठी एक माहिती लागतेच: माणूस दिवसात किती जणांना भेटतो.

त्या हिवाळ्यात खोकला-तापाची साथ होती. लसीची गाडी एक, गावं दोन. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मॉडेल दाखवेल त्या गावाला गाडी आधी जाणार होती. एका गावाची माहिती हाती आली होती. दुसऱ्या गावात म्हातारी माणसं जास्त. तिथे पत्नीसोबत मी दुभाषी म्हणून गेलो. अहिराणी माझी बोली; पत्नी पुण्याची, तिला ती येत नाही.

पहिल्याच ओट्यावर एक आबा बसले होते.

"आबा, काल किती जणांना भेटलात?"

"कोनलेच नही. मी कोठे जास? घरमाच ऱ्हास."

भोवती सात-आठ जण होते. दोघे खोकत होते.

"मग हे कोण?"

"हाई बठ्ठा घरना शेतस."

सगळे घरचेच म्हणे! त्यातला एक गल्लीच्या टोकाला राहत होता. एक शेजारच्या गावाहून बैल बघायला आला होता.

घरोघरी हेच उत्तर मिळालं. मॉडेलचा निष्कर्ष: या गावात कोणी कोणाला भेटत नाही, लसीची घाई नाही.

"तुझ्याकडची माणसं खोटं बोलतात," पत्नी म्हणाली.

"खोटं नाही. तुझा प्रश्न चुकतोय. इथे चहाला आलेला प्रत्येक जण घरचाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बैठकीआधी, आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आबांच्या सुनेला विचारलं, "अक्का, काल किती कप चहा झाला?"

"कप काय मोजतस? पातेलं इचारा!" ती आतूनच म्हणाली.

मग घरोघरी किती पातेली झाली आणि कोण कोण प्यायलं ते विचारलं. त्यावरून माणसं काढली आणि आलेख एकदम वर गेला.

बैठकीत खात्याच्या साहेबांनी आलेखातल्या सर्वांत वरच्या ठिपक्यावर, म्हणजे सर्वांत जास्त जणांना भेटलेल्या माणसावर, बोट ठेवलं. "एका दिवसात इतक्या घरांत चहा? कोण आहे हा? आधी याला गाठा."

"साहेब, ती मी," पत्नी म्हणाली. नवा प्रश्न तपासायला तिने स्वतःचीही माहिती भरली होती. आणि आदल्या दिवशी चहाला नाही म्हणणं तिला एकाही घरात जमलं नव्हतं.

गाडी त्याच गावाला गेली. पहिली सुई तिला, असा साहेबांचा आदेश होता. ती डोळे घट्ट मिटून बसली. मागे रांगेत आबा होते.

"घाबरू नको माय," ते म्हणाले, "मुंगी चावस तेवढंच."