निवडून आणलेले मासे

मरळ माशाचं रक्त काढायचं तर त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून डाव्या हाताने घट्ट धरावं लागतं. शेपटीच्या थोडं पुढे, खालच्या बाजूने सुई आत घालायची, कणा लागला की किंचित मागे घ्यायची. मग सिरिंजमध्ये रक्त हळूच चढतं. हे मी इतक्या वेळा केलंय की आजही भाजी निवडता निवडता माझा डावा हात मधूनच तसा वळतो. घरच्यांना वाटतं संधिवात आहे. मी त्यांना तसंच वाटू देते.

पाथर्डीत मी प्राणिशास्त्र शिकवते. चाळिशी जवळ आल्यावर, सगळे मागे लागले म्हणून, पीएच.डी.ला नाव घातलं. माझ्या मार्गदर्शक सरांनी उभी हयात कोकणच्या खाडीतल्या बोय माशांवर घालवलेली. बोयच्या कल्ल्यांत कोणते किडे राहतात, आतड्यात कोणते, आणि त्यापायी माशाचं रक्त किती पातळ होतं, हा त्यांचा विषय. त्यांनी मला विचारलं, “तुमच्याकडे काय आहे?” मी म्हटलं, “दुष्काळ.” सर हसले नाहीत. म्हणाले, “एखादं तळं तरी असेल.”

तळं होतं. त्यात मरळ होता, चिलापी होती, कोणी तरी कधी काळी सोडलेला रोहू होता. विषय ठरला: तळ्यातल्या माशांमधले परजीवी आणि माशांचं रक्त. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर फुकट जगणारे. तसे आमच्या स्टाफरूममध्येही दोघं-तिघं होते, पण त्यांच्यावर प्रबंध लिहिता येत नाही.

त्या तळ्यात जाळं टाकणारं एकच जोडपं होतं. नवरा जाळं टाकायचा, बायको आठवडी बाजारात मासे विकायची. तिला सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. आमच्या भागात दसरा झाला की गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. मावशी आणि तिचा नवरा असेच वीसेक वर्षं जात होते. मग नवऱ्याची कंबर गेली, आणि त्याच सुमारास तळ्यात बारमाही पाणी राहू लागलं. “कोयता या तळ्यानं सोडवला, म्याडम,” असं ती येईल त्याला सांगायची. ते सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

दर आठवड्याला झाकणाच्या बादलीत जिवंत मासे घालून ती जीपने यायची. जीपवाल्यांची वासावरून कुरकुर चालायची, ती त्यांना गप्प करायची. मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “मावशी, दहा मासे हवेत. जाळ्यात येतील तसे.” ती “व्हय” म्हणाली. तिचं “व्हय” मी खरं धरलं. इथे माझा अर्धा दोष आहे, उरलेला अर्धा पुढे येतो.

पहिल्याच खेपेला एका मरळाच्या रक्ताच्या थेंबात मला तो दिसला. तांबड्या पेशींना ढुशा देत वळवळणारा सूक्ष्म जीव, जळू चावली की माशाच्या रक्तात शिरणारा. सरांच्या पुस्तकात मी त्याची चित्रं पाहिली होती, आता तो माझ्या काचेवर होता. मी टाळ्या वाजवल्या, शपथेवर सांगते. मावशी स्टुलावर बसून बघत होती. मी तिलाही सूक्ष्मदर्शकातून दाखवलं, चहा मागवला, तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मात्र मासे ठणठणीत निघाले. मी वैतागले. “आज पण काहीच नाही,” म्हणत काचा धुवायला टाकल्या. त्या दिवसांत चहा मागवल्याचं आठवत नाही.

मग अचानक भरभराट झाली. कोणाच्या कल्ल्यात जळवा, कोणाच्या खवल्यांवर उवा, कोणाच्या आतड्यात काटेरी डोक्याचे कृमी. हिमोग्लोबिन मोजायची आमच्याकडे जुनी काचेची नळी आहे. आम्लात रक्त घालायचं, ते तपकिरी होतं, मग थेंब थेंब पाणी घालून शेजारच्या काचेशी रंग जुळवायचा. बहुतेक माशांचं रक्त इतकं पातळ असायचं की पाणी घालायची वेळच येत नसे. मावशी अंगठ्याने कल्ला उचलून आधीच सांगायची, “ह्याच्यात रगत न्हाई, म्याडम.” नळीत तेच निघायचं. मी तिचं कौतुक करायचे. सरांना फोनवरसुद्धा सांगितलं की आमच्या मावशीची नजर यंत्रासारखी आहे. तिला आधीच कसं कळतं, हा प्रश्न दोन वर्षांत माझ्या डोक्यात आला नाही. एवढी शिकलेली बाई मी.

प्रबंध लिहून झाला, जमा केला. तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. त्याच हिवाळ्याअखेरीस कॉलेजात विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरलं. मी टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला, त्याखाली मरळाच्या ताज्या रक्ताची काच ठेवली, मागे तक्ता लावला. आमचाच एक जुना विद्यार्थी बातम्यांचं चॅनेल चालवतो. त्याने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून विचारलं, “म्हणजे मॅडम, हे मासे खाण्यालायक नाहीत?” उत्तर सोपं होतं. मासा शिजला की किडा मेला, आणि रक्तातला तो जीव माणसाला काहीच करत नाही. चौथीतल्या पोरालाही समजावं असं उत्तर. मी म्हणाले, “याबाबत अधिक संशोधनाची गरज आहे.” असं बोललं की माणूस मोठा वाटतो.

संध्याकाळपर्यंत ते व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या तालुक्यात फिरलं. ‘तळ्यातल्या माशांच्या रक्तात किडे.’ खाली माझी काच, तिच्यात वळवळणारा जीव, आणि माझं नाव, पदासकट. नाव बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पुढच्या बाजारात मावशीच्या पाटीपुढे कोणी थांबलं नाही. त्याच्या पुढच्याही. मला रस्त्यात बायका भेटायच्या, म्हणायच्या, “मॅडम, तुमच्यामुळे वाचलो.” मी मान हलवायचे. मनात म्हणायचे, थोड्या दिवसांनी विसरतील लोक. लोक विसरले नाहीत. मावशी तो उन्हाळा आणि पावसाळा सुक्या मिरचीवालीच्या शेजारी बसून राहिली, आधी भरली पाटी घेऊन, मग अर्धी, मग नुसतीच.

दसऱ्यानंतर मुकादमाचे ट्रॅक्टर आले. मी बँकेत निघाले होते. एका ट्रॉलीत चुलीचं सामान, कोंबड्या, पाचटाची खोपी बांधायच्या दोऱ्या आणि त्यांच्यामध्ये मावशी. नवरा कंबरेला फडकं आवळून बाजूला बसलेला. मला पाहून मावशी हसली, वाकून माझा हात धरला. “म्याडम, आता रोगट मासं तुमाला कोन निवडून देनार?”

“निवडून म्हणजे?”

“म्हंजी काय. चांगला मासा निगाला की तुमचं त्वांड उतरायचं. म्हनलं, कामाची बाई हाय, तिचं काम व्हाया पायजे. समद्या तळ्यात हुडकून हुडकून मरतुकडं तेवढं बादलीत घालायची म्या. चांगलं बाजारात, खराब तुमाला.”

ट्रॅक्टर सुरू झाला. आवाज, धूर, कोणाचं तरी पोर रडायला लागलं. तिने हात सोडला. मी तिथेच उभी राहिले आणि बँकेत काय काम होतं ते विसरले.

आठ दिवसांनी माझी तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “नमुने कसे घेतले?” सर शेजारी बसले होते. मी म्हणाले, “यादृच्छिक पद्धतीने. कुठलीही निवड न करता, जाळ्यात आले तसे.” माझा आवाज कापला नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते. बाहेर आल्यावर पेढे वाटले.

डिसेंबरच्या सुट्टीत मी दुसऱ्या गावाहून जाळंवाला आणला आणि तळ्यावर गेले. या वेळी मात्र खरोखर आले तसे मासे घेतले. एकेकाचा कल्ला उचलत गेले. लाल, लाल, लाल. रक्त दाट. एखाद्याच्या अंगावर ऊ होती, ती कुठल्याही तळ्यात असते. सगळं वहीत लिहून काढलं आणि वही कपाटात ठेवली. ती छापायची तर आधीचं खोटं होतं असं लिहावं लागलं असतं. मी स्वतःला सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. असं मी चार वर्षं सांगितलं.

मेलेली माणसं पछाडतात म्हणे. मला जिवंत बाईने पछाडलं. बाजारात तिची जागा रिकामी राहिली, मिरचीवालीनेही तिथे पोतं सरकवलं नाही. फरशीवर माशांच्या पाण्याचा काळपट डाग आहे, त्याला ओलांडून जायचं माझ्याच्याने होत नाही, म्हणून मी लांबच्या गल्लीने भाजीला जाते. प्रयोगशाळेत ती बसायची त्या स्टुलावर पोरं बसली की मी त्यांना उठवते, कारण सांगत नाही. दुपारी प्रॅक्टिकल सुटलं, खोली रिकामी झाली की बादलीचं झाकण निघाल्याचा आवाज येतो. मी वळून बघत नाही. वळले तर कोणी नसणार हे मला ठाऊक आहे, आणि मला त्याचीच भीती वाटते.

आणि त्या काचा. रंगवलेली काच वर्षानुवर्षं टिकते. माशांच्या तांबड्या पेशीत मधोमध केंद्रक असतं, माणसाच्या पेशीत नसतं. हे मी दरवर्षी शिकवते, दरवर्षी त्याच पेटीतली काच लावते. मुलं डोळा लावून बघतात. मग मी बघते आणि ते हजारो ठिपके माझ्याकडे बघतात. ते मासे कधीच संपले, त्यांचं फिकट रक्त तेवढं माझ्या कपाटात आहे.

दर गुढीपाडव्याच्या आसपास मावशी परत आल्याचं कळायचं. दर वेळी मी वाट बदलली. गेल्या उन्हाळ्यात मिरचीवालीनेच मला रस्त्यात गाठून सांगितलं, मावशीचा नवरा गेला. राहात्याकडच्या उसाच्या फडात मोळी उचलताना छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोहोचलाच नाही.

आता मात्र भेटायला गेले. पत्र्याचं घर, अंगणात लिंबाखाली बाज. त्याची बाज, तिच्यावर आता कोणी बसत नव्हतं. मावशी उंबऱ्याला टेकून बसली होती. तिने डोळ्याला पदर लावला तेव्हा पापणीची आतली बाजू दिसली, पांढरीफटक. रक्ताचा रंग ओळखायला मला नळी लागत नाही.

“लई बरं केलं आल्या,” ती म्हणाली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग आपणहून म्हणाली, “चुकी माझीच हुती, म्याडम. आमचं मालक शेवटपातुर त्येच बोलले. म्हनायचे, रोगट मासं नेऊन दिलं आन त्या बाईला सांगितलं न्हाईस. सांगितलं असतंस तर तिनं खरं लिवलं असतं. तुज्यापायी कोयता परत हाती आला. दर हंगामाला, फडात, जेवताना, त्येच. आन खरंच हाय की. म्या तुमाला सांगाया पायजे हुतं.”

मला वाटतं मी हात जोडले. नीट आठवत नाही.

“मावशी, तुम्ही सांगितलं होतं.”

“कवा?”

“ट्रॉलीत बसला होतात तेव्हा. माझा हात धरून. निवडून आणायचे म्हणालात. मला त्याच दिवशी कळलं सगळं. परीक्षा होती माझी. मी गप्प बसले. चूक तुमची नाही, माझी आहे.”

ती रागावेल म्हणून मी वाट बघत होते. तिने रागवावं, हाकलून द्यावं, अशीही एक इच्छा होती, कारण मग मला सुटल्यासारखं झालं असतं. तिच्या मनात मी नव्हतेच. ती कपाळाला आठ्या घालून तो दिवस शोधत होती.

“म्या सांगितलं हुतं?”

“हो.”

“नक्की?”

“नक्की, मावशी.”

तिने पदर नीट केला, तोंड पुसलं. मग माझ्याकडे पाठ करून लिंबाखालच्या त्या रिकाम्या बाजेकडे तोंड केलं, आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली, “अवो, ऐकलं का? म्या सांगितलं हुतं.”