सतरा सप्टेंबरचं बंद दुकान

आमच्या घरात एका माणसावरून जितकी भांडणं झाली, तितकी सोयरिकीवरून किंवा सासूवरूनही झाली नाहीत. आणि तो माणूस आमच्या घरी कधी आलासुद्धा नव्हता. देशाचा पहिला पंतप्रधान. अब्बांच्या बांगड्यांच्या दुकानात, हिरव्या चुड्यांच्या फळीवर त्याची तसबीर होती, कुठल्याशा जुन्या कॅलेंडरातून कापून काचेत बसवलेली. अम्मा दुकानात आली की त्या तसबिरीकडे पाठ करून बसायची. लहानपणी मला वाटायचं, परका पुरुष म्हणून लाजते. पुढे कळलं की लाज वगैरे काही नव्हती, राग होता.

कुरुंद्याहून शिरड शहापूरकडे जाताना मध्ये कुठेतरी आमचं गाव लागतं. हळदीचं गाव. आम्ही मण्यार, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बायांच्या हातात बांगड्या भरणारे. बांगड्या भरून झाल्या की बाई मण्याराला वाकून नमस्कार करते, मग ती कोणाच्याही घरची असो. तशी रीतच आहे. आमच्या गावात ज्या बाईनं अब्बांना असा नमस्कार केला नाही, ती बाई सापडायची नाही. घरात आमचं बोलणं दखनीत सुरू होतं आणि मराठीत संपतं, आणि भांडण कोणत्या भाषेत झालं ते मागाहून कोणालाच आठवत नाही.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. देश स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही झालो नाही. आम्ही निजामाच्या राज्यात होतो, आणि निजामाला भारतात यायचं नव्हतं. वर्षभर रझाकारांनी धुमाकूळ घातला. हिंदूंची घरं लुटली, माणसं मारली. आमच्या गावातही मारली, हे मी कधी लपवणार नाही. मग दिल्लीतल्या त्या माणसाच्या सरकारनं फौज पाठवली आणि चार-पाच दिवसांत निजाम शरण आला. तो दिवस सतरा सप्टेंबर. रझाकार पळून गेले, पण लोकांचा राग गावातच राहिला, आणि तो निघाला तो जागच्या न हललेल्या माणसांवर. माझे आजोबा त्यांतलेच. रझाकारांची एक टोळी गावातून जाताना आमच्या ओट्यावर बसून पाणी प्यायली होती. बंदूकवाल्याला पाणी नाही असं कोण म्हणणार? तेवढं पुरलं. फौज पुढे गेल्यावर गावातल्याच माणसांनी आजोबांना घरातून बोलावून नेलं आणि ओढ्याकाठी मारलं. अब्बा तेव्हा लहान होते. गुरवाच्या बाईनं त्यांना ज्वारीच्या कणगीमागं लपवलं म्हणून ते वाचले.

आजोबा नेमक्या कोणत्या दिवशी गेले हे आजीला सांगता यायचं नाही. त्या दिवसांत तिची सगळी उलघाल झालेली. मग तिनं फौजेचा दिवस तेवढा धरून ठेवला, कारण तो गावात कोणालाही विचारता यायचा. दर वर्षी त्या दिवशी ती बांगड्यांची पाटी उचलायची नाही. घरात मलिदा करायची, आजोबांच्या नावानं फातिहा द्यायची. आजीनंतर अब्बांनी दुकान घातलं आणि तेही सतरा सप्टेंबरला बंद ठेवू लागले.

पुढे ग्रामपंचायतीसमोर मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा लागायला लागला. भाषणं सुरू झाली, शाळेच्या पोरांच्या फेऱ्या निघू लागल्या. त्या दिवशी बाकीची दुकानं जोरात चालायची, कारण पोरांना गोळ्या-बिस्किटं लागायची. बंद फक्त आमचं. कोण्या एका सरपंचाच्या ते डोळ्यात भरलं आणि त्यानं भाषणात सांगून टाकलं की झेंड्याचा मान कसा राखावा हे आपल्या बांगडीवाल्या चाचांकडून शिका. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी अब्बांना शाल मिळाली, त्याच्या पुढच्या वर्षी बोलायला सांगितलं. तेव्हापासून ते दर वर्षी बोलतात. त्यांचं भाषण गावाला पाठ आहे. रझाकार होते, फौज आली, ती त्यानं पाठवली, त्यानं आपल्याला सोडवलं. संपलं. शेवटच्या वाक्यावर गाव टाळ्या वाजवतं.

"तुम्ही सांगत का नाही, दुकान कशासाठी बंद असतं?" असं मी एकदा चिडून विचारलं होतं. ते म्हणाले की झेंड्यासाठी बंद असतं हेही खोटं नाही, दोन्हीसाठी असतं. आणि मग म्हणाले, "मरायच्या आधी एक डाव सांगीन. तिथूनच सांगीन, माइकवरून." नंतर दर वर्षी सकाळी टोपी घालताना ते मला म्हणायचे, आज सांगतो. आणि दर वर्षी न सांगताच परत यायचे. समोर बसलेल्या बायांचे हात दिसतात म्हणायचे. ज्यांनी आजोबांना बोलावून नेलं त्यांच्या सुना, नाती समोर बसलेल्या असायच्या, अब्बांनीच भरलेल्या बांगड्या घालून. मला अब्बांची कीव यायची आणि संतापही यायचा.

मी जन्मभर हिंगोलीच्या एका शाळेत इतिहास शिकवला. देशाच्या पहिल्या पंतप्रधानाच्या कार्याचं मूल्यमापन करा, हा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा. पोरं हुशार. धरणं, कारखाने, लोकशाही हे एका बाजूला आणि सीमेवरची हार दुसऱ्या बाजूला, असं वाण्याच्या तराजूसारखं सारखं तोलून लिहायची आणि पुरते गुण घेऊन जायची. मराठवाड्याला पुस्तकात एकच परिच्छेद. त्यात फौज येते आणि परिच्छेद संपतो. पुढचं शिकवायची माझी हिंमत झाली नाही असं नाही, वर्गात दोन्हीकडची लेकरं बसलेली असायची आणि तास पस्तीस मिनिटांचा.

मला विचाराल तर तो माणूस मला आवडतो. पूर्णेच्या कालव्याचं पाणी आमच्या शिवाराला त्याच्याच धोरणानं मिळालं, आज हळद दिसते ती त्यामुळे. मण्याराच्या पोरीला शाळा मिळाली. अंगठा उठवणाऱ्या माझ्या आजीच्या मताला देशमुखाच्या मताइतकीच किंमत आली, आणि ही गोष्ट तेव्हा कोणीही सहज देणारं नव्हतं. पण मला त्याचा रागही येतो. फौजेनंतर काय झालं ते पाहायला त्याच्या सरकारनं माणसं पाठवली होती. ती फिरली, बायांचं रडणं ऐकून गेली. त्यांनी जे सांगितलं ते लोकांसमोर कितीतरी वर्षं आलंच नाही. उघड केलं तर आग पुन्हा भडकेल अशी भीती त्याला असेल. ती खरीही असेल. पण आमच्या गावात कोणाला शिक्षा झाल्याचं मी ऐकलं नाही. ओढ्याकाठी कोणी साधा दगडही रोवला नाही. सगळं विसरलं की बरं होईल असं त्याला वाटलं असावं, आणि विसरायचं काम त्यानं आमच्याकडे दिलं.

अम्माचे दोन मामा त्याच दिवसांत गेलेले. ती म्हणायची की त्याला सगळं कळलं होतं, कळूनच तो गप्प बसला. अब्बांना हे अजिबात सहन व्हायचं नाही. त्यांचं म्हणणं, त्यानं माणसं धाडली म्हणजे त्याला काळजी होती, पण त्या माणसांनी जाऊन बराबर सांगितलं नसेल. मोठ्या माणसाच्या कानावर सगळं नीट पोचतंच असं नाही. यावर अम्मा ताटं आपटायची. मी पुस्तकं वाचून अब्बांना सांगितलं होतं की पोचलं होतं. ते म्हणाले, पुस्तकं लिहिणारे तिथं होते का? अब्बांना तो माणूस चांगलाच हवा होता. कणगीमागून बाहेर आलेल्या पोराला कोणीतरी चांगला लागतच असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि वाद सोडून दिला. अम्मानं कधी सोडला नाही.

गेल्या सतरा सप्टेंबरला मी गावी होते. अब्बा आता पार थकलेत. कान तर जवळजवळ गेलेच. मी मशीन आणून दिलं, ते खिशात ठेवतात, कानात किडा शिरल्यासारखं वाटतं म्हणतात. सकाळी टोपी घालताना या वेळी ते काही बोलले नाहीत. मी हात धरून त्यांना ग्रामपंचायतीसमोर नेलं आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं. अम्मा घरीच मलिद्याचं बघत होती. ती कधीच येत नाही.

झेंडा लागला, राष्ट्रगीत झालं. मग वसमतहून बोलावलेला एक तरुण वक्ता उठला. आवाज खणखणीत, तयारी चांगली. तो म्हणाला की पहिला पंतप्रधान नुसता कचरत बसला होता, त्याच्यावर सोडलं असतं तर मराठवाडा अजून गुलाम असता, आपण उगाच इतकी वर्षं त्याचे फोटो लावले. लोक हसले. मोबाइलवर रोज हेच येतं, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. अब्बांनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हनून राहिला?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी मान वळवून त्या पोराकडे पाहिलं.

मग म्हणाले, "त्याला शिव्या देनारा हा कोन? त्याला शिव्या द्यायचा हक माझा हाय."

निवेदकानं त्यांचं नाव घेतलं. त्यांना माइक धरवत नाही, हात कापतात, म्हणून निवेदकच शेजारी उभा राहून माइक धरतो. मी स्टेजच्या पायरीपाशी थांबले, उतरताना आधार द्यायला. अब्बांनी सुरुवात केली. रझाकार, फौज, सगळं नेहमीचं. "फौज त्यानंच धाडली. आमाला त्यानं सोडवलं." गावानं टाळ्या वाजवल्या आणि निवेदकानं माइक काढून घेतला, कारण दर वर्षी भाषण इथंच संपतं.

अब्बा थांबले नाहीत. माइक गेलाय हे त्यांना कळलं नाही. त्यांच्या आवाजात आता दम नाही, आणि टाळ्या चालूच होत्या. मी पायरीवर होते म्हणून मला ऐकू आलं. "पर माह्या बापाला न्हाई सोडवलं. त्याला ह्याच गावानं ओढ्यावर मारलं, फौज आल्यावर. ज्यानं फौज धाडली त्यानं बी इन्साफ केला न्हाई. माहं दुकान आज बापासाठी बंद असतंय." शेजारच्या सरपंचांनी ऐकलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही. ऊन चढलं होतं, पोरं चुळबुळ करत होती, म्हणून आभाराचं भाषण गाळून टाकलं. नव्या मुख्याध्यापकांनी समारोपालाही राष्ट्रगीताची धून लावायची, असं यंदापासून ठरवलं होतं. निवेदकानं ते जाहीर केलं आणि कर्ण्यातून धून सुरू झाली.

सगळं गाव उठून उभं राहिलं. म्हातारे, बाया, पोरं, पोलीस पाटील. हात अंगाला लावून, नजर समोर, कोणी हू की चू करेना. कर्णा अब्बांच्या पाठीमागे होता आणि कानाचं मशीन खिशातच. त्यांनी त्या उभ्या माणसांकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते स्टेजवर सगळ्यांसमोर रडायला लागले. मला तेव्हा उमगलं की त्यांना काय वाटतंय.

वाटेत ते झपझप चालले, इतके की माझीच दमछाक झाली. दारात चप्पल काढायच्या आधीच अम्माला हाक मारली. म्हणाले की सांगितलं, सगळं सांगितलं, बापाचं, ओढ्याचं. अम्मानं हातातली परात खाली ठेवली. गाव काय म्हणालं, असं तिनं त्यांना नाही, मला विचारलं. पण उत्तर अब्बांनीच दिलं.

"समदं गाव उभं राहिलं. बाया बी, लेकरं बी. ज्याह्यनं मारलं त्याह्यच्या घरचे बी उभे राहिले. कोनी खाली बसून न्हाई राहिलं."

अम्मा माझ्याकडे बघत राहिली. ती बहिरी नाही. कर्ण्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येतो, कोणत्या भाषणावर किती टाळ्या पडल्या आणि मग काय वाजलं, हे तिनं घरात बसून ऐकलं होतं. मी मान खाली घातली.

अब्बा भिंतीला टेकून बसले. इतके हलके झालेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. थोड्या वेळानं ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी म्हनत नव्हतो? त्याला कोनी बराबर सांगितलंच न्हाई. आज सांगितल्यावर गाव उभं राहिलं. त्याला असं सांगितलं असतं तर तो बी उठून उभा राहिला असता."

या वाक्यावर माझ्या जन्मापासून अम्मानं प्रत्येक वेळी उत्तर दिलेलं आहे. त्या दिवशी ती काही बोलली नाही. तिनं मलिदा पुढे ठेवला, उदबत्ती लावली आणि पदर डोक्यावरून घेऊन त्यांच्या शेजारी फातिहाला बसली.